बेचाळीस आणि तिघे

फेब्रुवारी सरत आला की बेटावरच्या लोंबा गावात काही म्हणजे काही वाळत नाही. दोरीवर टाकलेली चादर चौथ्या दिवशी घरात घ्यावी, तर ती टाकली तेव्हापेक्षा जड लागते. बरणीतल्या मिठाचा दगड होतो, काडेपेटी चुलीशेजारी ठेवावी लागते आणि कपाटातल्या लग्नाच्या बुटांवर हिरवी लव उगवते. थंडी म्हणावी तर नाही. बर्फ इथल्या माणसांनी टेलिव्हिजनवरच पाहिलेला. गायी बारा महिने बाहेर चरतात, देवळाच्या पायऱ्यांवर कॅमेलियाची फुलं गळून तपकिरी होतात, आणि सकाळी धुकं, नऊला ऊन, अकराला सरी, जेवताना पुन्हा ऊन असा सगळा कारभार एका दिवसात उरकतो. या दिवसांतल्या आभाळाबद्दल शहाणा माणूस छातीठोकपणे काही बोलत नाही.

बोलणारा गावात एकच होता, लाउदालीनो मेदेइरोस. तो गवंडी. ओल्या गिलाव्यावर सर आली की दिवसभराची मेहनत भिंतीवरून वाहून जाते, म्हणून उभा जन्म वर बघण्यात गेला आणि आभाळ वाचायची त्याला सवय लागली. गवत कधी कापावं, बारशाचं टेबल अंगणात मांडावं की आत, हे बायाबापड्या त्याला विचारायच्या. दहातल्या आठ वेळा त्याचं खरं ठरायचं. उरलेल्या दोन वेळा तो सोयिस्करपणे विसरायचा आणि लोकही विसरायचे. एक वेळ मात्र लोक विसरले तरी त्याला विसरता येत नव्हती, आणि ती कुणाला सांगताही येत नव्हती.

ईस्टरआधीचा प्रायश्चित्तकाळ लागला की लोंबातली पुरुषमंडळी आठ दिवस बेटाला पायी वळसा घालतात. खांद्यावर लोकरीची शाल, गळ्यात रंगीत रुमाल, पाठीवर पिशवी, एका हातात काठी आणि दुसऱ्यात जपमाळ. वाटेत मारियामातेचं जे जे देऊळ लागेल तिथं गुडघे टेकायचे, आणि अंधार पडायच्या आत ज्या गावात पोचाल तिथले लोक न्यायला आले की त्यांच्या घरी जायचं. घरी कुणी कुणाचा सासरा असो की वैरी, या आठ दिवसांत सगळे एकमेकांना भाऊच म्हणतात. पुढे जथ्याचा प्रमुख, मेस्त्रे झेफेरीनो, पेशानं पाववाला. आणि सगळ्यात मागे जिवांचा मुखत्यार. रस्त्याच्या कडेला उभं राहून कुणी म्हणतं, माझ्या नातवासाठी म्हणा, बोटीवर गेलेल्या नवऱ्यासाठी म्हणा. ते मुखत्यारानं ऐकून घ्यायचं आणि पुढे कळवायचं. मग ते माणूस विचारतं, "किती भाऊ?" मुखत्यारानं आकडा सांगायचा आणि वर "आणि तिघे" म्हणायचं, कारण येशू, मारिया आणि जोसेफ बरोबर चालत असतात. जेवढा आकडा तेवढ्या 'नमो मरिये' प्रार्थना त्या माणसानं परतफेड म्हणून म्हणायच्या. आकडा एकदा तोंडातून गेला की गेला.

लाउदालीनो अकरा वर्षं मुखत्यार होता. यंदा त्यानं मेस्त्रेला सांगून पाहिलं की गुडघा दुखतो, दुसरा कुणी बघा. मेस्त्रे म्हणाला, गुडघा दुखतो तर हळू चाल, तसाही तू मागेच असतोस. यावर जास्त बोलावं तर कारण विचारलं गेलं असतं. गेल्या वर्षी जथ्यात बेचाळीस जण निघाले होते. यंदा एक्केचाळीस. कमी झालेला एक म्हणजे गुआल्तेर, लाउदालीनोच्या धाकट्या बहिणीचा, एर्मीनियाचा, नवरा.

निघायच्या आदल्या संध्याकाळी रीतीप्रमाणे सगळ्यांनी घरोघर जाऊन माफी मागितली. लाउदालीनो बहिणीच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, चुकलंमाकलं पोटात घाल. ती कांदा चिरत होती. "घातलं," ती म्हणाली, जसं पावलीचं सुटं आहे का विचारल्यावर म्हणावं तसं. ती माफी लागू झाली नाही हे त्याला माहीत होतं. माफी कशाची ते न सांगता मागितलेली माफी लागू होत नसते.

तो वळला तेव्हा तिनं मागून हाक मारली. "दादा, आठव्या दिवशी मी वळणावर उभी राहणार आहे. मी विचारणार तुला, किती भाऊ म्हणून. यंदा मोजून परत आण सगळ्यांना."

गुआल्तेर गेल्यापासून एर्मीनिया त्याच्यावर रागावलेली होती. मेलेल्या माणसावर रागावणं फार कठीण काम असतं, आणि ती ते वर्षभर नेटानं करत होती. दोन वर्षांपूर्वी तिच्या पोटातून डॉक्टरांनी संत्र्याएवढी गाठ काढली, तेव्हा गुआल्तेर नवस बोलला होता की ही जगली तर मी बेटाला पुरता वळसा घालीन. ती जगली. तो निघाला. आणि तिसऱ्या दिवशी पायाला फोड आले म्हणून, कुणालाही न विचारता, जथा सोडून डोंगरवाटेनं घराकडे वळला, धुक्यात चुकला आणि फुगलेल्या ओढ्यात गेला. असं गावाला माहीत होतं. असं एर्मीनियाला तिच्या भावानंच सांगितलं होतं.

"माझ्या जिवासाठी बोललेला नवस," ती म्हणायची, "आणि फोडापायी टाकून दिला." तिनं त्याचा फोटो ड्रॉवरमध्ये घातला होता. मृतांच्या दिवशी सगळा गाव दफनभूमीत मेणबत्त्या घेऊन गेला, ती गेली नाही. आणि रागाखाली भीती होती, ती फक्त लाउदालीनोला दिसायची: नवस मोडला, म्हणजे आता दुखणं परत येणार. शहरात तपासणीला जायच्या आधी ती घरातली भांडी घासून, कपडे घड्या घालून, सगळं आवरून जायची, जणू परत यायचंच नाही. लाउदालीनो तिला मोटारीतून न्यायचा, बाकावर शेजारी बसायचा, आणि दोन शब्दांत जी भीती काढता आली असती ती तशीच राहू द्यायचा. भित्रा माणूस सेवा फार करतो, तसाच हा प्रकार.

शनिवारी पहाटे जथा निघाला. पाऊस नव्हता, पण हवेतच पाणी होतं. पापण्यांवर बसत होतं. पहिल्या गावात ओल्या हातांची एक बाई दारात आली, सुनेच्या बाळंतपणासाठी म्हणा म्हणाली, आणि तिनं विचारलं, "किती भाऊ?"

"बेचाळीस," लाउदालीनो म्हणाला, "आणि तिघे."

मेस्त्रे तेव्हा जवळच थांबला होता. त्यानं मान वळवली. "एक्केचाळीस, भाऊ," तो हळूच म्हणाला. पण बाईनं डोळे मिटून सुरुवातसुद्धा केली होती. सवय, लाउदालीनो स्वतःशी म्हणाला. अकरा वर्षांची जीभ आहे. पुढच्या घराआधी त्यानं मनात घोकलं, एक्केचाळीस, एक्केचाळीस, आणि पायऱ्यांवर बसलेल्या म्हाताऱ्यानं विचारताच पुन्हा बेचाळीस म्हणाला. दिवसभरात सात वेळा विचारणा झाली आणि सातही वेळा तेच. शेवटी शेवटी त्यानं चालणाऱ्या पाठी मोजल्या. धुक्यात शाली डोक्यावरून ओढलेल्या, सगळे सारखेच दिसतात. चाळीस पाठी आणि आपण एक. बरोबर. पण काठ्यांचा आवाज मोजला की हिशोब चुकायचा. चाळीस काठ्या पुढे वाजत होत्या, एक त्याच्या हातात वाजत होती, आणि एक मागे.

त्याच्या मागे कुणी असायचं कारण नव्हतं. तो थांबला की मागची काठी थांबायची. तो चालला की चालायची, एक पाऊल जड, एक हलकं, जसा पायाला फोड आलेला माणूस चालतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी, मुक्कामाच्या गावाला किती माणसं येणार हे कळवायची चिठ्ठी त्यानं लिहिली आणि सायकलवरून पुढे जाणाऱ्या एका पोराकडे दिली. एक्केचाळीस लिहिल्याचं त्याला चांगलं आठवत होतं. एकावर त्यानं पेन्सिल दोनदा फिरवली होती. संध्याकाळी देवळासमोर गावकरी न्यायला आले. इदालीना नावाची एक जाडजूड, बोलकी बाई त्याच्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, मला दोघे मिळायचे होते, दुसरा कुठाय? लाउदालीनो म्हणाला, मी एकटाच. तिनं एप्रनच्या खिशातून वाटपाची यादी काढून नाचवली. चिठ्ठीत बेचाळीस होते, त्यांच्या हिशोबानं तिच्या वाट्याला दोन आले होते, आणि आता तिनं रताळी उकडलीत दोघांची, ती काय गाईला घालू?

तिच्या स्वयंपाकघरात दोन बादल्यांतून वाफा निघत होत्या, दोन टॉवेल खुर्च्यांच्या पाठीवर. तिनं त्याचे पाय धुतले, रीतच तशी आहे, आणि दुसरी बादली ओतून टाकायला उचलली, मग काय वाटलं कोण जाणे, तशीच ठेवली. टेबलावर दोन ताटं होती. बडीशेपेच्या पाल्याचं सूप, मक्याचा पाव, रताळी, लाल मिरचीची चटणी लावलेला सॉसेज. तिचा नवरा ठार बहिरा होता आणि त्याला परिस्थिती कुणी समजावून सांगितली नव्हती, त्यामुळे तो मोकळ्या खुर्चीकडे बघून सौजन्यानं म्हणाला, "घ्या भाऊ, लाजू नका." मग वाट बघून पावाची बशी तिकडे सरकवली. लाउदालीनोनं सोललेलं रताळं तसंच ताटात ठेवलं.

सकाळी इदालीनानं खोली आवरताना त्याला हाक मारली. दोन खाटा तिनं घातल्या होत्या. ज्या खाटेवर कुणी झोपलं नव्हतं तिची चादर ओली होती, डोक्यापासून पायापर्यंत. ती म्हणाली, "ही हवाच मेली अशी. कपाटात ठेवलं तरी ओलं." आणि ती चादर गोळा करून घेऊन गेली. खरंच होतं. फेब्रुवारीत या बेटावर कोरडी चादर कुठे असते? लाउदालीनोनं स्वतःच्या चादरीवर हात फिरवला. ती कोरडी होती.

तिसरा दिवस सोमवार. ज्या वाटेवर गेल्या वर्षी घडलं, तीच वाट.

गेल्या वर्षी त्या सकाळी धुकं दहाच्या सुमारास एकदम उचललं गेलं आणि असं ऊन पडलं की भाऊमंडळींनी शाली काढून खांद्यावर टाकल्या. समुद्र तळापर्यंत निळा. कुणीतरी म्हणालं, उन्हाळा आला. गुआल्तेरच्या टाचा सोलल्या होत्या. तो मागे पडत होता आणि त्याच्याबरोबर लाउदालीनोला मागे पडावं लागत होतं. सार्वजनिक नळावर दोघेच उरले. मेस्त्रे पुढच्या देवळाशी पोचला होता.

लाउदालीनो म्हणाला, इथून गुरांच्या वाटेनं डोंगर ओलांडलास तर दोन वाजता घरी पोचशील, पाय सुजून जथ्याला अडवण्यापेक्षा ते बरं. गुआल्तेर म्हणाला, नको. नवस आहे. लाउदालीनो म्हणाला, देवाला कळतं. गुआल्तेर म्हणाला, नको, आणि शिवाय डोंगरानं टोपी घातलीय, बघ. शिखरावर खरंच ढगाची एक लहानशी टोपी बसली होती. गुआल्तेर दूधवाला होता, रोज वरच्या कुरणात जायचा, त्याला ते डोंगर तोंडपाठ होते. पण आभाळाबद्दल आपल्याला कुणी शिकवावं हे लाउदालीनोला खपलं नाही. त्याला राग आला. तो बोलला ते शब्द त्याला आजही जसेच्या तसे आठवत होते: "संध्याकाळपर्यंत थेंब पडायचा नाही. मी सांगतोय. तुझ्या टाचांसाठी चाळीस माणसं खोळंबायची का? जा घरी."

गुआल्तेर तिसऱ्यांदा नको म्हणाला, पण या वेळी हळू. मग त्यानं पिशवी सरळ केली, हसल्यासारखं केलं, आणि म्हणाला, "बरं. तुझं आभाळ, तूच सांभाळ."

कुठल्याही भावाला एकटं पाठवायचं नाही, हा जथ्याचा पहिला नियम. मेस्त्रेला विचारायचं, मेस्त्रे बरोबर कुणी देतो. लाउदालीनोनं विचारलं नाही. तासाभरात टोपी खाली उतरली, धुक्यानं रस्ता गिळला आणि पाऊस असा लागला की गटारं दगड वाहून आणू लागली. तीन वाजता एका म्हातारीनं कुंपणाशी विचारलं, किती भाऊ? मेस्त्रे चार पावलांवर होता. लाउदालीनोला वाटलं, गुआल्तेर आत्ता घरी पोचला असेल, गरम पाण्यात पाय घालून बसला असेल. बोलणी खायचीत ती संध्याकाळी खाऊ. तो म्हणाला, "बेचाळीस आणि तिघे." मेस्त्रेनं ऐकलं. मुखत्यारानं मोजलेत म्हणजे आहेत सगळे, असं समजून तो निर्धास्त पुढे गेला. उजेडाचे तीन तास शिल्लक होते. देवळाशी वाटप होताना एक कमी भरला तेव्हा अंधार पडला होता, आणि लाउदालीनो म्हणाला, तो म्हणत होता खरा की आपला आपण जातो म्हणून. शोधायला माणसं दुसऱ्या दिवशी निघाली. बुधवारी सापडला. एका पायात बूट नव्हता.

यंदा सोमवारी ऊन पडलंच नाही. दिवसभर एकच पाऊस, ना जोराचा ना थांबणारा. नळापाशी आल्यावर मागच्या काठीचा आवाज इतका जवळ आला की लाउदालीनोनं बाजूला सरकून वाट करून दिली. कुणीच पुढे गेलं नाही. तो पाणी न पिता चालू लागला. तीन वाजता ते कुंपण आलं, आणि तीच म्हातारी डोक्यावर गोणपाट घेऊन उभी होती. काळी, बारीक, ताठ. तिनं कुणासाठी काही मागितलं नाही.

"तुझीच वाट बघत होते," ती म्हणाली. "गेल्या वर्षी तू मला बेचाळीस सांगितलेस. मी बेचाळीस म्हटल्या. दोन दिवसांनी कळलं तुमचा एक गेला, आणि तो सकाळीच निघाला होता म्हणे. मी मोजण्यात चुकत नाही, बाबा. त्यातली एक कुणासाठी झाली?"

लाउदालीनोनं पुढे गेलेल्या पाठींकडे पाहिलं.

"मी काही गावभर सांगत फिरणार नाही," म्हातारी म्हणाली. "मला काय करायचंय. पण तू त्याला चालणाऱ्यांत मोजलंस, आणि मी त्याच्या नावानं म्हटली. ती काही परत घेता येत नाही. आता तो चालणारच ना?" तिनं गोणपाट नीट केलं. "यंदाचा आकडा मला सांगू नकोस. ज्याला सांगायचा त्याला सांग." आणि ती कोंबड्यांना हाकत आत गेली.

उरलेले पाच दिवस लाउदालीनो त्या आवाजापुढे चालला. एव्हाना त्याला भीती वाटेनाशी झाली होती, आणि हे त्याचं त्यालाच विचित्र वाटत होतं. चढणीवर मागचा मागे पडला की तो नकळत पावलं आखूड करायचा. गुरुवारी गारांचा सडाका आला तेव्हा त्यानं मागे न बघता म्हटलं, शाल डोक्यावरून घे. शुक्रवारी उताराच्या निसरड्या दगडांवर तो म्हणाला, इथं जपून. पण एर्मीनियाचं वळण एकेक दिवसानं जवळ येत होतं, आणि तिथं तो काय सांगणार हे त्याला शुक्रवारी रात्रीपर्यंत ठरवता आलं नाही. बेचाळीस म्हणावं तर खोटं. एक्केचाळीस म्हणावं तर तेही एका परीनं खोटंच, कारण त्या एकाला कमी कुणी केलं ते त्यात येत नाही.

शनिवारी सकाळी जथा लोंबाच्या चढाला लागला. अंगावर ऊन होतं आणि त्याच उन्हात सर कोसळत होती, या दिवसांत कोसळते तशी. भिंतींवर अझेलिया फुलल्या होत्या. वळणावर सगळा गाव उभा होता, बायका पोरांना उचलून दाखवत होत्या. एर्मीनिया थोडी बाजूला, काळ्या कोटात, छत्री मिटलेली. मेस्त्रेनं काठी वर करून जथा थांबवला. गाणं थांबलं.

"किती भाऊ?" तिनं विचारलं.

लाउदालीनो मागून पुढे आला. त्यानं डोक्यावरची शाल खाली घेतली. "एक्केचाळीस," तो म्हणाला, "आणि तिघे." मग, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, कारण हळू बोलायचं धाडस त्याच्यात उरलं नव्हतं, त्यानं सांगितलं. नळ, टोपी, टाचा. मी सांगितलं थेंब पडायचा नाही. मी त्याला जा म्हटलं. मेस्त्रेला विचारलं नाही. तीन वाजता मी बेचाळीस म्हणालो, आम्ही एक्केचाळीस होतो. तो आपल्या मनानं गेला हे मी तुला खोटं सांगितलं.

मेस्त्रे झेफेरीनोनं रस्त्याकडे पाहिलं. छतांवरून पाणी पडत होतं.

एर्मीनिया एक पाऊल पुढे आली. "तो नको म्हणाला होता?"

"तीनदा म्हणाला."

"कशासाठी नको ते म्हणाला?"

"नवस आहे म्हणाला. तुझा."

तिनं मान हलवली, जशी बाजारात वजन बरोबर आहे म्हणून हलवावी. तिच्या चेहऱ्यावर वर्षभराचा राग होता तो एकदम निराधार झाल्यासारखा दिसला. "मी त्याला मेणबत्ती लावली नाही," ती म्हणाली. "एक पण नाही." हे ती भावाला म्हणत नव्हती.

मग ती रस्त्यावरच गुडघ्यांवर बसली, कोट चिखलात, आणि म्हणू लागली. ज्यानं विचारलं त्यानं म्हणायच्या, ही रीत आहे, आणि जथ्यानं थांबायचं ही काही रीत नाही, तरी जथा थांबला. ती बोटांवर मोजत होती. लाउदालीनोही मोजत होता, त्याला दुसरं काही येत नव्हतं. चाळीस. एक्केचाळीस. तिनं श्वास घेतला आणि बेचाळिसावी सावकाश म्हटली, प्रत्येक शब्द वेगळा काढून. मग त्या तिघांच्या तीन. मग ती उठली, गुडघे झटकले, आणि दफनभूमीच्या वाटेनं निघाली. लाउदालीनोच्या अगदी जवळून गेली. तो वाट बघत होता की ती दादा म्हणेल, किंवा शिवी देईल. तिनं यातलं काहीच केलं नाही.

मेस्त्रेनं काठी टेकली. "चला, भाऊ," तो म्हणाला, आणि ते कुणाला म्हणाला हे कळलं नाही, कारण त्यानं लाउदालीनोकडे बघितलं नाही. जथा देवळाकडे चालू लागला. लाउदालीनो आपल्या जागी, सगळ्यात मागे. ऊन गेलं होतं आणि पाऊस नेहमीसारखा लागला होता. सवयीनं तो मोजू लागला. पुढे चाळीस काठ्या, आणि एक आपल्या हातातली. त्यानं पावलं आखूड केली. चढ होता, मागच्याला वेळ लागत असेल. तो थांबलासुद्धा, पाण्यात उभा राहिला, कान देऊन.

एक्केचाळीस. आठ दिवसांत पहिल्यांदा आकडा बरोबर आला होता.

"गुआल्तेर," तो म्हणाला. मागे मोकळा रस्ता होता, आणि त्यावर पाऊस पडत होता.